पावती

फ्राय बेन्तोसला पोचलो तेव्हा ऊन नदीवर तिरकं झालं होतं.
खिशात लोहचुंबक, फडक्यात गुंडाळलेला
(ओरखडा नको, माल अजून दुसऱ्याचा),
स्क्रूड्रायव्हर, दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा आरसा,
आणि मोन्तेविदेओच्या गिऱ्हाइकाने फोनवर बजावलेला आकडा,
ज्याच्या वर जायचं नाही.

नेलिदाबाईंनी पत्र्याचं दार खांद्याने ढकललं.
आत हिलमन. एक्कावन्नची. टप दुमडणारी.
विलायतेहून बोटीने आलेली;
तीच बोट मांसाचे डबे भरून परत गेली म्हणे.
कारखान्यात तेव्हा सगळं अदलाबदलीनेच यायचं,
साहेबसुद्धा.

मी नेहमी मागून सुरुवात करतो.
पुढून गाडी हसते, मग विकणारा हसतो,
मग आपण हसतो आणि चार पैसे जास्त देऊन बसतो.
डिकीचा तळ टोचला : स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत. वजा.
टपाचं कापड उंदरांनी उसवत नेलेलं. वजा.
मागच्या सीटमध्ये त्यांचंच बाळंतपण. वजा.
मडगार्डवर चुंबक फिरवला.
चिकटला. चिकटला. दिव्याच्या खोबणीशीही चिकटला.
कुठे लांबी भरलेली नाही, रंगाखाली दुसरा रंग नाही.
इंजिनाचा नंबर कागदावरचाच.
हिला तरुण करायला कुणी गेलंच नव्हतं.

अधिक. पण किती अधिक?
तीस वर्षं या धंद्यात आहे, इथे अजून पेन्सिल अडते.
गंज मोजता येतो. न केलेल्या गोष्टींचा दर
कुठल्याच यादीत नसतो.

एकतीस हजार मैल, मीटर सांगत होता.
‘ते सगळे साहेबाचे,’ नेलिदाबाई म्हणाल्या.
‘एकोणऐंशीला कारखाना मिटला. रुबेन बॉयलरवर होता,
तीन महिन्यांचा पगार राहिला.
कारकून म्हणाला, पैसे नाहीत, शेडमध्ये ही आहे, सही करा.’
चालवलीत?
‘येत होतं कुणाला!
टायर एका जागी बसतात म्हणून तो दर रविवारी
जॅक लावून चाकं पाव फेरी फिरवायचा.
तो गेल्यावर मी.’

खणात पगाराची चिठ्ठी होती, घडीवर फाटलेली.
वहीच्या समासात उगाच गणित मांडलं :
तीन महिने, तेव्हाचा पगार,
मध्ये सरकारने नोटेवरची तीन शून्यं उडवली ती वेगळी,
व्याज धरावं तर कुणाच्या दराने?
हातचा विसरलो. पुन्हा मांडलं.
एका रीतीने उत्तर आलं दोन गाड्यांएवढं,
दुसऱ्या रीतीने कोपऱ्यावरच्या बेकरीतला एक पाव.

खोडलं, आणि गाडीचाच भाव लिहिला. खरा.
बजावलेल्या आकड्याच्या बराच वर.
गिऱ्हाईक फोनवर ओरडलं, मग गप्प,
मग विचारलं, डिकी?
कुजलीय, म्हणालो.
आणि बाकी?
बाकी कुणी हात लावला नाही,
म्हणालो, आणि लगेच वाटलं, हे खोटं आहे.

नेलिदाबाईंनी आकडा पाहिला. घासाघीस नाही, आनंद नाही.
चष्मा पदराला नव्हे, स्वेटरच्या बाहीला पुसला.
‘पावतीवर गाडी लिहू नका.
लिहा : मार्च, एप्रिल, मे.’

असं लिहीत नाहीत, मी म्हणणार होतो.
लिहिलं.
त्यांनी खाली रुबेनचं नाव घातलं, सावकाश,
आणि त्यापुढे, लहान अक्षरात, बॉयलर.

ट्रेलरचा दोर ताणला गेला.
पाव फेरीपाशी चाक जरा अडलं,
सवयीने असावं.
मग गेलं.